दागिन्यांची निगा : हुपरीची चांदी, कोल्हापुरी साज आणि खडे

कोल्हापुरी साजाच्या एका सरीत चार निरनिराळे पदार्थ एकत्र नांदतात. वरून दिसतो तो सोन्याचा पातळ पत्रा. त्याच्या पोकळीत लाख भरलेली असते, दोन पानांत माणिक आणि पाचूचे खडे बसवलेले असतात आणि हे सगळे तारेत किंवा दोऱ्यात ओवलेले असते. या चौघांचा स्वभाव वेगळा आहे. लिंबाच्या रसाने सोन्याला काही होत नाही. लाख कढत पाण्यात मऊ पडते, बंद कोंदणातल्या खड्यामागे पाणी शिरले की तो निस्तेज होतो आणि दोऱ्यात मुरलेला घाम दोरा कुजवतो. एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला बाधतो. म्हणून दागिने स्वच्छ करण्याच्या शास्त्राचे मूळ सूत्र असे सांगता येते : दागिन्यातला सर्वांत नाजूक घटक जेवढे सोसेल, तेवढेच त्या दागिन्याला द्यावे.

हे सूत्र समजून घ्यायला कोल्हापूरसारखी जागा नाही. शहरातल्या गुजरी या सराफ पेठेत साज, ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, मोहनमाळ, नथ, कुड्या, बुगड्या असे सारे मराठमोळे दागिने घडतात, गाठवले जातात आणि उजळले जातात. हातकणंगले तालुक्यातली हुपरी ‘चंदेरी नगरी’ म्हणून ओळखली जाते. तिथे आणि रेंदाळ, यळगूडसारख्या आसपासच्या गावांत घरोघरी पैंजण, चाळ, वाळे, जोडवी, मासोळ्या आणि करदोडे तयार होतात. एका जिल्ह्यातच सोने, चांदी, लाख, मोती आणि खडे यांची सगळी रूपे भेटतात. त्यांची निगाही त्यांच्या क्रमानेच पाहिलेली बरी.

चांदी काळी का पडते

लोखंड हवेतल्या ऑक्सिजनने गंजते, तशी चांदी गंजत नाही. नेहमीच्या तापमानाला ऑक्सिजनचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिचा वैरी गंधक आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अब्जात एखादा भाग इतक्या अल्प प्रमाणात असला, तरी चांदीच्या पृष्ठभागाशी त्याचा संयोग होतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर अगदी पातळ असताना चांदी पिवळसर दिसते. तो वाढत जातो तशी ती तपकिरी, मग निळसर आणि शेवटी काळी दिसू लागते. हवेत ओल असेल तर ही क्रिया वेगाने होते. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने पांढरे राहिलेले पैंजण श्रावणात बघता बघता काळवंडते, ते यामुळेच.

गंधक घरात अनेक वाटांनी येतो. अंडी, कांदा आणि लसूण यांत गंधकाची संयुगे असतात. लोकर आणि केस यांच्या प्रथिनांतही गंधक असतो. रबर टणक करताना त्यात गंधक मिसळतात, म्हणून चांदीच्या वाट्या किंवा वाळे रबरबँडने बांधून ठेवले की बँडच्या जागी काळा पट्टा उमटतो. काही औषधी साबण आणि त्वचेची मलमे गंधकयुक्त असतात. घामातले मीठ चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर बसवते, तो उजेडात करडा पडतो.

दुसरे कारण चांदीतच असते. शुद्ध चांदी फार मऊ असल्याने तिच्या कड्या आणि फासे टिकत नाहीत, म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. हजार भागांत ९२५ भाग चांदी असेल तर तिला ९२५ ची चांदी म्हणतात. भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कमध्ये हा आकडा दिसतो. उरलेल्या ७५ भागांतले तांबे ओल आणि घाम यांच्याशी लवकर संयोग पावते. चांदीचा कस जितका कमी, तितकी ती लवकर काळवंडते आणि कातडीवर हिरवट-काळे डागही पडतात. पायातले पैंजण काळे पडण्याचा संबंध अंगातल्या उष्णतेशी किंवा दृष्टीशी जोडला जातो. त्याची खरी कारणे घाम, ओल, गंधक आणि तांबे ही आहेत.

काळेपणा म्हणजे चांदीचा नाश नव्हे, ही यातली दिलासा देणारी बाब. थर वरवरचा असतो आणि आतला धातू शाबूत असतो. मात्र त्या थरात थोडी चांदी अडकलेली असते. तो घासून काढला की तेवढी चांदी कायमची जाते. जुन्या जोडव्यांवरची नक्षी पुसट झालेली दिसते, त्यात जमिनीवरच्या झिजेबरोबर वर्षानुवर्षांच्या घासण्याचाही वाटा असतो.

चांदी उजळण्याच्या रीती

चांदी साफ करण्याच्या रीती सौम्य ते कडक अशा क्रमाने पाहाव्यात आणि सौम्य रीतीने काम भागत असेल तर पुढे जाऊ नये.

पहिली रीत धुण्याची. पैंजणावरचा बराचसा मळ काळा थर नसतोच. धूळ, घाम, साबणाची साय आणि पायाला लावलेले तेल यांचे ते किटण असते. त्यासाठी रिठ्याचे पाणी उत्तम. चार-पाच रिठ्यांच्या बिया काढून साली कोमट पाण्यात तासभर भिजवायच्या, कुसकरायच्या आणि पाणी गाळून घ्यायचे. सालीतले सॅपोनिन साबणासारखा फेस देते आणि तेलकटपणा सोडवते. रिठा नसेल तर भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब वाटीभर पाण्याला पुरतात. पैंजण त्यात पंधरा-वीस मिनिटे भिजत ठेवून लहान मुलांच्या दात घासायच्या मऊ ब्रशाने कड्यांच्या सांध्यांतून, घुंगरांच्या फटींतून आणि फिरकीच्या आट्यांतून हलके घासावे. मग स्वच्छ पाण्यात खळखळून धुवावे आणि सुती कापडाने टिपावे. घुंगरांच्या पोटात पाणी साचते, म्हणून पैंजण उलटसुलट करून झटकावे आणि पंख्याखाली पूर्ण कोरडे होऊ द्यावे. ओलसर पैंजण डबीत गेले तर धुण्याचे सारे श्रम वाया जातात.

दुसरी रीत पुसण्याची. चांदीसाठीचे पॉलिशचे कापड सराफाकडे मिळते. त्यात अतिशय बारीक घासद्रव्य असते. हलका पिवळेपणा या कापडाने निघतो. कापड गोल फिरवण्याऐवजी एकाच दिशेने सरळ ओढावे, म्हणजे चरे उठून दिसत नाहीत. कापड काळे झाले तरी ते धुवायचे नसते, धुतल्यावर त्यातले द्रव्य निघून जाते.

तिसरी रीत रसायनाची आहे आणि ती घरात सहज करता येते. काचेच्या पसरट भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल अंथरावी. लिटरभर गरम पाण्यात चार मोठे चमचे खायचा सोडा विरघळवून ते पाणी भांड्यात ओतावे आणि चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवावी. चांदीपेक्षा ॲल्युमिनियमला गंधकाची ओढ अधिक असते. सोड्याच्या पाण्यातून दोन्ही धातूंमध्ये सूक्ष्म वीजप्रवाह सुरू होतो, सल्फाइडमधला गंधक सुटतो आणि अडकलेली चांदी पुन्हा दागिन्यावर बसते. सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो, तो सुटलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. खिडकी उघडी ठेवली की पुरे. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. मग दागिना भरपूर पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसला की चकाकी येते. घासण्यात जाणारी चांदी इथे वाचते, हा या रीतीचा मोठा गुण. पण ती फक्त नितळ, भरीव, बिनखड्याच्या चांदीसाठी आहे. खडे, मोती, लाख, मिना किंवा मुद्दाम काळी केलेली नक्षी असलेला दागिना त्यात बुडवू नये.

चौथी रीत बाजारात मिळणाऱ्या ‘डिप’ द्रावणाची. दागिना बुडवला की क्षणात पांढरा होतो, म्हणून ती लोकप्रिय आहे. अशा बहुतेक द्रावणांत आम्ल आणि थायोयुरिया असते. ते सल्फाइडबरोबर चांदीही थोडी विरघळवते, सांध्यांत राहून गेले तर डाग पाडते आणि थायोयुरिया आरोग्यालाही अपायकारक आहे. रोजच्या दागिन्यांना ही रीत न वापरलेली बरी.

काही घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्यांचीही पारख करावी. रांगोळी ही दळलेल्या दगडाची पूड आहे. तिचा कण चांदीवर चरा काढतो. राखेतही वाळूचे कण असतात. दातांच्या पेस्टमधले घासद्रव्य दातांच्या कठीण आवरणासाठी बनवलेले असते आणि चांदी त्या आवरणापेक्षा पुष्कळ मऊ आहे. चिंच आणि लिंबू यांची कीर्ती तांब्या-पितळेमुळे आहे. त्यांच्यातली आम्ले तांब्याचा ऑक्साइड विरघळवतात, म्हणून तांब्याचा हंडा चिंचेने लखलखतो. सिल्व्हर सल्फाइडवर मात्र त्यांचे फारसे चालत नाही. तिथे काम करतो तो घासणारा हात आणि चिंचेचा चोथा. पितळेच्या तारांचा ब्रश कारागिराच्या हातात शोभतो, घरी त्याने चांदीवर ओरखडे येतात.

काळी नक्षी आणि सोन्याचा मुलामा

ऑक्सिडाइज्ड चांदीच्या दागिन्यांत खोलगट भाग मुद्दाम काळे केलेले असतात. नावात ऑक्सिजन असला तरी हा काळेपणाही सल्फाइडचाच. कारागीर गंधकाच्या क्षाराच्या द्रावणात दागिना बुडवतो आणि उंचवट्यांवरचा थर पुसून काढतो, त्यामुळे नक्षी उठून दिसते. सोडा-फॉइलच्या पाण्यात किंवा डिपमध्ये असा दागिना घातला की सारी काळी छटा निघून जाते आणि तो बोडका दिसू लागतो. त्याला साबणाचे कोमट पाणी आणि उंचवट्यांपुरते कापड एवढेच द्यावे.

चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले साज आणि ठुशी आता मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत, त्याचप्रमाणे एक ग्रॅम सोन्याचे दागिनेही. मुलाम्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजला जातो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. पॉलिशचे कापड अशा थरावर चार-सहा वेळा जोरात फिरले की कडांवरून खालची चांदी किंवा तांबे डोकावते. वापरून झाल्यावर कोरड्या मलमलीने घाम टिपणे ही मुलाम्याच्या दागिन्याची खरी निगा. अत्तर आणि स्प्रे अंगावर वाळल्यावरच तो घालावा.

खड्यांचा कठीणपणा

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्‌स यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी मोजपट्टी मांडली. वरच्या अंकाचे खनिज खालच्या अंकाच्या खनिजावर चरा काढते, एवढाच तिचा अर्थ. हिरा १० वर, माणिक आणि नीलम ९ वर, लसण्या साडेआठवर, पाचू साडेसात ते आठ यांच्या दरम्यान, गोमेद सातच्या आसपास, ओपल आणि फिरोजा पाच-सहाच्या घरात, पोवळे साडेतीनच्या आसपास आणि मोती अडीच ते साडेचार यांच्या दरम्यान. दागिन्यातली चांदी अडीच ते तीन.

या पट्टीवरचा सात हा अंक घरच्या कामासाठी सर्वांत महत्त्वाचा. सातवर क्वार्ट्‌झ आहे, म्हणजे वाळू, आणि घरातल्या धुळीत तिचे सूक्ष्म कण असतात. सातहून मऊ असलेल्या खड्यावरची धूळ कोरड्या कापडाने पुसली की त्या कणांनीच खडा घासला जातो आणि काही वर्षांत त्याची चमक धूसर होते. म्हणून धूळ आधी पाण्याने किंवा ओल्या कापडाने उचलावी, मगच पुसावे. मोती, पोवळे, ओपल आणि फिरोजा यांच्याबाबत हे विसरून चालत नाही.

कठीण म्हणजे अभंग असेही समजू नये. हिरा चार दिशांत आणि पुष्पराग म्हणून विकला जाणारा टोपाझ एका दिशेत सहज दुभंगतो. कठीणपणा चऱ्यापासून वाचवतो, आघातापासून वाचवीलच असे नाही. शिवाय हिऱ्याबरोबर एकाच डबीत ठेवलेले माणिक, मोती किंवा सोने यांवर हिरा चरे पाडतो. प्रत्येक दागिन्याला वेगळा कप्पा किंवा वेगळी मऊ पिशवी हवी.

नवरत्नांची निगा

नवरत्नांच्या क्रमाने पाहिले तर बहुतेक खड्यांचा हिशेब पुरा होतो.

हिऱ्याला तेलकट पदार्थांची विलक्षण ओढ असते. हिऱ्यांच्या खाणींत खडीतून हिरे वेगळे काढायला चरबी फासलेले पट्टे वापरले गेले आहेत. पाणी लागलेला दगड त्यावरून घसरून जातो आणि हिरा चिकटून राहतो. हाच गुण अंगठीत अडचणीचा ठरतो. साबण, क्रीम आणि कणकेचे तूप हिऱ्यामागे साचते आणि खालून येणारा उजेड अडतो. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशाने खड्याच्या मागच्या बाजूने साफ केले की हिरा लगेच जिवंत दिसतो.

माणिक, नीलम आणि पुष्कराज ही एकाच खनिजाची, कुरुंदाची, वेगवेगळ्या रंगांतली रूपे आहेत. नैसर्गिक आणि निव्वळ तापवून रंग खुलवलेला खडा साबण-पाणी निर्धास्त सोसतो. पण बाजारात काच भरलेली माणके पुष्कळ आहेत. त्यांच्या चिरांत शिसे असलेली काच वितळवून भरलेली असते. लिंबाच्या रसासारखे सौम्य आम्लसुद्धा ती काच कुरतडते आणि डाख देताना कारागिराच्या फुंकणीची आच लागली की खड्याचे रूपच पालटते. माणकाचे बिल तपासून त्यावर असा उल्लेख आहे का, हे पाहून ठेवावे आणि दुरुस्तीला देताना ते आवर्जून सांगावे.

पाचूत जन्मतःच बारीक चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल किंवा राळ भरण्याची प्रथा फार जुनी आहे. गरम पाण्यात, वाफेत, स्पिरिटमध्ये किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात हे तेल निघून जाते आणि काल स्वच्छ दिसणारा पाचू आज तडकलेला दिसतो. पाचूला कोमट पाणी, एखादा थेंब साबण आणि मऊ कापड एवढेच पुरे.

गोमेद आणि लसण्या यांना कोमट साबण-पाणी चालते. तापमान एकदम बदलू मात्र नये. गरम पाण्यातून थेट थंड पाण्यात टाकल्यास आतल्या चिरा वाढतात.

मोती आणि पोवळे ही सजीवांची देणगी. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची बनलेली असतात. लिंबू, व्हिनेगर, ताक, एवढेच काय, घामातले आम्लही त्यांचा पृष्ठभाग विरघळवते. मोत्यात त्याशिवाय प्रथिन आणि थोडे पाणी असते, म्हणून कडक उन्हात किंवा अति कोरड्या जागी तो वर्षानुवर्षे राहिला तर त्याला तडे जाऊ शकतात. मोत्याचा दागिना सारा साजशृंगार झाल्यावर शेवटी घालावा आणि घरी आल्यावर आधी उतरवावा. उतरवताच पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मलमलीने एकेक मोती पुसावा. मोत्यांचा सर पाण्यात बुडवू नये.

नवरत्नांच्या अंगठीत हे नऊही खडे एकत्र असतात. ती हिरा किंवा माणकाच्या हिशेबाने धुतली तर मोती आणि पोवळे जातात. अशी अंगठी मोत्याच्या नियमानेच साफ करायची.

नवरत्नांबाहेरच्या खड्यांपैकी तिघांची विशेष काळजी घ्यावी. ओपलमध्ये पाणी असते, उष्णतेने तो तडकतो. फिरोजा सच्छिद्र असल्याने तेल, क्रीम आणि हळद शोषून हिरवट होतो. जांभळा ॲमेथिस्ट सतत उन्हात राहिला तर फिका पडतो.

कोंदण उघडे की बंद

खडा धुण्यापूर्वी दागिना उलटा करून पाहावा. खड्याची पाठ उघडी असून उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसत असेल तर कोंदण उघडे आहे. त्यात शिरलेले पाणी बाहेर येते. मागे सोन्याचा किंवा चांदीचा पत्रा असेल तर कोंदण बंद आहे. जुन्या मराठी दागिन्यांत आणि कुंदनाच्या कामात खड्याखाली चकाकीसाठी वर्ख घातलेला असतो. पाणी आत शिरले की तो वर्ख काळवंडतो आणि लालभडक दिसणारा खडा मातकट होतो. हे नुकसान घरी दुरुस्त करता येत नाही, जडावाचे काम जाणणाऱ्याने खडा काढून वर्ख बदलावा लागतो. बंद कोंदणाचा दागिना किंचित ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करावा.

उघड्या कोंदणाचा दागिनाही बेसिनमध्ये थेट नळाखाली धुऊ नये. ढिला खडा निसटला तर मोरीत जातो. पसरट वाडग्यात धुवावे, पाणी ओतण्यापूर्वी गाळून घ्यावे. धुऊन झाल्यावर दागिना कानाजवळ हळूच हलवून पाहावा, खडा ढिला असेल तर बारीक आवाज येतो.

साज, ठुशी, बोरमाळ आणि नथ

कोल्हापुरी साजात परंपरेने २१ पाने मानतात : विष्णूच्या दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूची दोन आणि एक डोरले. पानांच्या मधून जवमणी ओवलेले असतात. मासा, कासव, शंख अशा आकारांची ही पाने आणि मणी पातळ सोन्याच्या पत्र्यातून घडवून आत लाख भरतात. बोरमाळेचे मणीही असेच. लाखेमुळे कमी सोन्यात दागिना भरदार दिसतो आणि पत्रा चेपत नाही.

लाख ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते, म्हणून कढत पाणी तिला वर्ज्य. ती अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे अत्तराचे स्प्रे, स्पिरिट आणि हातांचे सॅनिटायझर लाखेच्या दागिन्यापासून लांब ठेवावेत. यंत्रातल्या अल्ट्रासॉनिक कंपनांनी लाख सुटून मण्यात खुळखुळते. साज साफ करायचा तो असा : साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रश बुडवून झटकायचा, एकेक पान तळव्यावर आडवे धरून नक्षीच्या रेषांतून फिरवायचा, मग साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने दोनदा पुसायचे आणि कोरड्या टॉवेलवर सपाट पसरायचे. साज पाण्यात सोडून देऊ नये आणि ओला असताना टांगू नये. वजनाने दोरा ताणला जाऊन पानांमध्ये फटी पडतात.

ठुशीचे बारीक मणी दोऱ्यावर गच्च बसवलेले असतात आणि ती गळ्याला चिकटून राहते, त्यामुळे घामाचा पहिला परिणाम दोऱ्यावर होतो. दोरा कळकट, कडक किंवा सैल झाला की तो तुटण्याची वाट न पाहता पटवेकऱ्याकडून दागिना नव्याने गाठवून घ्यावा. नेहमी वापरातले मोत्यांचे सर दर एक-दोन वर्षांनी गाठवून घेणे चांगले. दोन मोत्यांमध्ये गाठ मारलेली असेल तर मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो.

नथ आणि कुड्यांत मोती सोन्याच्या तारेत बांधलेले असतात. नथीला चेहऱ्याची पावडर आणि क्रीम चिकटते, मोत्यांमधल्या बेचक्यांत ते साठून पांढरट पुटे बनतात. मऊ रंगाचा ब्रश पाण्यात ओलसर करून तारेच्या वळणांतून फिरवला की पुटे निघतात. टोकदार टाचणीने ती खरवडण्याचा मोह टाळावा, मोत्यावर टाचणीचा चरा कायमचा राहतो.

अंबाबाईच्या दागिन्यांची नवरात्रापूर्वीची स्वच्छता कोल्हापूरकरांच्या ओळखीची आहे. देवस्थान समितीच्या देखरेखीखाली अनुभवी कारागीर हे काम करतात आणि उत्सवापूर्वी देवीचे अलंकार उजळून तयार होतात. घरोघरीही या परंपरेतून घेण्यासारखे आहे : वर्षातून एक दिवस ठरलेला असावा, काम जाणत्या हातांनी व्हावे आणि दागिने मोजून, नोंदवून बाहेर काढावेत आणि तसेच मोजून आत ठेवावेत.

साठवण, पावसाळा आणि महापूर

दागिना काळा पडल्यावर उजळण्यापेक्षा तो काळा पडू न देणे केव्हाही चांगले. चांदी पूर्ण कोरडी करून, हवा दाबून काढलेल्या पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत ठेवावी, सोबत सिलिका जेलची पुडी घालावी. बाजारात काळेपणा रोखणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या हवेतला गंधक शोषून घेतात आणि काही महिन्यांनी बदलाव्या लागतात. रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीभोवती नको. मोत्यांना मात्र प्लास्टिकची बंद पिशवी आणि सिलिका जेल मानवत नाही. ते मलमलीच्या पिशवीत सपाट ठेवावेत. कापसाचे तंतू कोंदणाच्या नख्यांत अडकतात, म्हणून खड्यांचे दागिने थेट कापसात गुंडाळू नयेत. सतत अंगावर असलेली चांदी घर्षणाने उजळ राहते आणि कपाटातली काळी पडते. म्हणून ठेवणीतले पैंजणही सणासुदीला काढून वापरावे.

पंचगंगेच्या काठी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या महापुरांत असंख्य घरे पाण्याखाली गेली. पुराच्या पाण्यातून निघालेल्या दागिन्यांना घाईने घासणे हे सर्वांत घातक. गाळात वाळू असते आणि घासताच ती सोन्यावर आणि खड्यांवर चरे काढते. आधी हातमोजे घालून दागिना स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवून हलवावा आणि पाणी नितळ येईपर्यंत ते बदलत राहावे. मग साबणाच्या पाण्याने हळूवार धुवावा. मोत्यांचे आणि लाखेचे दागिने आधीच भिजलेले असतात, तेव्हा त्यांनाही हे पाणी द्यावे लागते, फक्त ते जास्त वेळ बुडवून ठेवू नयेत. सुकवताना ऊन किंवा केस वाळवायचे यंत्र वापरू नये. टॉवेलवर सावलीत पसरून पंख्याचा वारा द्यावा. गाळातल्या गंधकाने चांदी कोळशासारखी काळी झाली तरी घाबरण्याचे कारण नाही, ती पुन्हा पांढरी होते. भिजलेले दोरे मात्र सगळे बदलावेत आणि बंद कोंदणाचे दागिने सराफाला दाखवावेत.

सराफाकडे कधी जावे

ढिला खडा, झिजलेल्या नख्या, मोडकी आकडी, फिरकीचे गेलेले आटे, मण्यात खुळखुळणारी लाख आणि खड्यामागे काळवंडलेला वर्ख ही कामे घरची नाहीत. रोज वापरातल्या अंगठीची कोंदणे वर्षातून एकदा तपासून घ्यावीत. खडा हरवल्यावर नवा बसवण्यापेक्षा नखी दाबून घेणे कितीतरी स्वस्त पडते.

दागिना देण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे, समोर वजन करून पावतीवर लिहून घ्यावे, साजाची पाने आणि खडे मोजून त्यांची नोंद करावी. उजळण्याची रीत कोणती, हे विचारावे. आम्लात टाकून किंवा यंत्रावर घासून केलेल्या प्रत्येक उजळणीत थोडे सोने किंवा चांदी जाते, म्हणून दरवर्षी यंत्रावरचे पॉलिश करून घेण्याची गरज नाही. परत घेताना पुन्हा वजन करावे. लाख नव्याने भरली असेल किंवा आतला मळ निघाला असेल तर वजनात फरक पडतो, तो कशामुळे पडला हे तिथेच समजून घ्यावे.

रोजच्या निगेचे काम एवढे अवघड नाही. स्वयंपाक, भांडी, अंघोळ, पोहणे आणि शेतातले काम करताना खड्यांचे आणि मोत्यांचे दागिने उतरवावेत. उतरवल्यावर मऊ कापडाने पुसून ज्याच्या त्याच्या पिशवीत ठेवावेत. महिन्यातून एकदा रोजच्या वापरातली चांदी साबणाच्या किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवावी, वर्षातून एकदा सगळे दागिने काढून दोरे, आकड्या आणि कोंदणे तपासावीत. जो दागिना कशाचा घडला आहे हे ठाऊक नाही, त्याला पाण्यात घालण्याआधी जाणकाराला दाखवावे.